रोज २-३ ग्रॅम व्हिटॅमिन सी वर्षानुवर्षं घेतलेलं कुणी आहे का? उतारवयात काय अनुभव?

सातारकर६३:
नमस्कार मंडळी, वय ६३, बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठीक आहे. आमचा सकाळचा फिरायचा ग्रुप आहे, त्यात एक अण्णा आहेत ७६ वर्षांचे, अजिंक्यताऱ्याचा चढ अजून कुठेही न टेकता चढतात आणि त्यांचं म्हणणं की गेली वीस वर्षं रोज ३ ग्रॅम सी घेतोय म्हणूनच हे जमतंय. मी २०२० ला कोरोनात ५०० ची चघळायची गोळी चालू केली, तेव्हा घरात सगळेच घेत होते, बाकीच्यांनी सोडली पण मी एकाच्या दोन, दोनाच्या चार केल्या, म्हणजे आता रोज २ ग्रॅम होतात. सर्दी पूर्वीसारखी रेंगाळत नाही असं मला वाटतं. पण मुलगी म्हणते बाबा बंद करा, किडनी खराब होईल, आणि अण्णा म्हणतात जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, काही होत नाही. ज्यांनी खरोखर बरीच वर्षं घेतलंय त्यांनी कृपया सांगा, सांधे, त्वचा, डोळे, हार्ट, कशात तरी फरक पडला का?

मिरजेची_वहिनी:
दादा, माझ्या मिस्टरांचं सांगते. वय ५८, रोज हजारची एक गोळी, तीन वर्षं घेत होते, उन्हातलं काम आणि पाणी कमी. मागच्या मे महिन्यात पहाटे तीनला कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ आली की माणूस फरशीवर गडाबडा लोळत होता, मी हार्ट अटॅकच समजले. सोनोग्राफीत ८ एमएमचा मुतखडा निघाला, दुर्बिणीतून काढला, आत स्टेंट म्हणजे लघवीच्या वाटेसाठी बारीक नळी ठेवली होती ती तीन आठवड्यांनी काढली. खडा तपासायला दिला तर कॅल्शियम ऑक्झलेटचा. युरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला की काय काय गोळ्या घेता, आणि सी ऐकल्याबरोबर बंद करायला सांगितली, कारण जास्तीच्या सी चं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं आणि ते लघवीतच उतरतं. म्हणजे अण्णा म्हणतात तसं निघून जातं हे खरं, पण जाताना काय होऊन जातं तेही बघायला पाहिजे. गोळीनेच खडा झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पाणी कमी हेही कारण होतंच. पण तुमच्या घरात कुणाला मुतखडा झाला असेल तर प्लीज आजच थांबवा.

लॅबवाला_नाशिक:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सी चा डोस मोठा असेल तर तपासण्यांत घोळ होतो. लघवीच्या पट्टीवर साखर किंवा रक्त असूनही निगेटिव्ह दिसू शकतं. शौचातलं न दिसणारं रक्त बघायची जी जुनी ग्वायक टेस्ट असते तिच्यातही तेच, म्हणून त्या टेस्टच्या आधी तीन दिवस सी बंद ठेवायला सांगतात. काही ग्लुकोमीटरवर उलट साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. साठीनंतर याच टेस्ट सगळ्यात महत्त्वाच्या असतात हो, आतड्याचा कॅन्सर लवकर सापडायचा तो अशा गोळीमुळे राहून गेला तर काय करायचं? सॅम्पल देताना गोळ्यांची नावं सांगत जा, आम्ही विचारलं नाही तरी.

निवृत्त_केमिस्ट्री_सर:
सातारकर, मी स्वतः १८ वर्षं घेतलंय म्हणून सविस्तर लिहितो. वय ७४. अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग हे माझं दैवत, १९५४ ला केमिस्ट्रीचं आणि १९६२ ला शांततेचं नोबेल. त्यांनी १९७० मध्ये सर्दीवर पुस्तक लिहिलं आणि स्वतः रोज कित्येक ग्रॅम घ्यायचे, ९३ वर्षं जगले, गेले मात्र प्रोस्टेटच्या कॅन्सरने. कॅन्सरवर रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने दोनदा चाचणी घेतली, उपयोग दिसला नाही. मी शुद्ध पावडर आणून चमचाभर पाण्यात ढवळून प्यायचो, कच्ची चिंच खाल्ल्यासारखे दात आंबायचे आणि ते मी सोसत राहिलो. पुढे डेंटिस्टने आरसा हातात दिला, समोरच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ आणि पिवळट झालेल्या, एनॅमल परत येत नाही म्हणाले. तुम्ही तर चघळताय, म्हणजे आम्ल दातालाच घासताय.

दुसरं म्हणजे हिशोब. २०० मिलिग्रॅमपर्यंत आतडं जवळपास सगळं उचलतं, ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी, उरलेलं पोटात गॅस आणि पातळ जुलाब करतं. आयसीएमआरची शिफारस पुरुषांना रोज ८० मिलिग्रॅमची आहे. अमेरिकेत डॉक्टरांवरच आठेक वर्षं रोज ५०० देऊन अभ्यास झाला, २००८ ला निकाल आला, हार्ट अटॅक आणि कॅन्सर दोन्हीत फरक नाही. सर्दीचं तुमचं निरीक्षण मात्र खोटं नाही, नियमित घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटपते, मोठ्यांत साधारण ८ टक्के, पण सर्दी होणं काही थांबत नाही. डोळ्यांचं म्हणाल तर माझ्या पत्नीला मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा त्रास आहे, तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सी ५०० आणि त्याबरोबर झिंक वगैरे असलेली गोळी दिलीय, ती चालू आहे, तिथे कारण आहे.

मी दोन आठवड्यांत कमी करत बंद केलं. चार वर्षं झाली, गुडघे तेव्हा होते तसेच आहेत, सर्दी वर्षातून दोनदा तेव्हाही व्हायची आणि आताही होते. आता सीझनला रोज एक आवळा मीठ लावून, नाहीतर अर्धा पेरू. एका पेरूतच दिवसाचं भागतं.

सातारकर६३:
सर, वहिनी, सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना मुतखडा होता हे मी आधी लिहायलाच विसरलो, दोनदा झाला होता. आज चारच्या दोन केल्यात, पुढच्या सोमवारपासून बंद. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेतो, गोळी बंद झाल्यावर किती दिवसांनी सॅम्पल देऊ?

लॅबवाला_नाशिक:
काका, तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग द्या. सोनोग्राफीही करून घ्या, वडिलांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि अण्णांनाही सांगा तपासून घ्यायला, वीस वर्षं म्हणजे खूप झाली.