मदत हवी आहे: बाबांच्या सेलेशन स्पीकरच्या जोडीचं वय कसं ठरवायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

बाबा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांच्या दोन पेट्या आमच्याकडे मंगळवार पेठेतल्या घरी आहेत. प्रत्येकीत बारा इंची सेलेशन (इंग्लंडची स्पीकर कंपनी), मागचं झाकण हिरव्या प्लॅस्टिकचं. पुण्याचे एक गृहस्थ ही जोडी बघायला येत्या रविवारी येणार आहेत. दादा म्हणतो देऊन टाकू. माझा जीव अजून होत नाही, आणि द्यायचीच झाली तर खोटं सांगून द्यायची नाही. म्हणून या स्पीकरचं खरं वय हवंय.

इतकी वर्षं ज्याला मी सिरीयल नंबर समजत होतो तो सिरीयल नंबर नाहीच. लेबलवर 'टी १२२१' आहे. हा मॉडेलचा आकडा, म्हणजे जी १२ एम, २५ वॅट, १६ ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). त्या मॉडेलच्या हजारो स्पीकरवर तोच असणार, त्यावरून वय निघत नाही. तारीख वेगळी मारलेली असते: दोन अक्षरं आणि दिवसाचा आकडा. मला पेटी उलटी करून, टूथब्रशने धूळ काढून, मोबाईलचा टॉर्च तिरका धरल्यावर ती सापडली. सरळ उजेडात अजिबात दिसत नव्हती.

पहिल्या स्पीकरवर 'के एफ १४', दुसऱ्यावर 'एफ जे २८'.

मी लावलेला अर्थ असा. पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, 'आय' वगळायचा, म्हणून एम म्हणजे डिसेंबर. दुसरं अक्षर वर्षाचं, १९६८ ला ए, पुढे तसंच, इथेही 'आय' नाही. म्हणजे पहिला १४ ऑक्टोबर १९७३ चा आणि दुसरा २८ जून १९७६ चा. घोळ इतकाच, की १९५६ ते १९६७ मध्येही हीच वर्षाची अक्षरं वापरून झाली आहेत. तेव्हाचा एफ म्हणजे १९६१ आणि जे म्हणजे १९६४. पहिल्याच्या लेबलवर इप्सविचचा पत्ता आहे आणि कंपनी थेम्स डिटनहून तिकडे (दोन्ही इंग्लंडमधली गावं) १९६८ च्या सुमारास गेली, त्यामुळे तो १९७३ चाच धरतो. दुसऱ्याचं लेबल मात्र गेलंय. २०१९ च्या पुरात ही पेटी शाहूपुरीत काकांच्या तळमजल्यावर होती, चार दिवस पाण्यात. कागदाचा लगदा झाला, शिक्का तेवढा राहिला.

आता खरी अडचण. दादा शपथेवर सांगतो की दोन्ही एकदम आले. १९७४ च्या गणपतीआधी बाबांनी ते मुंबईहून आणले, एसटीच्या टपावरून उतरवून घेताना तो सहा वर्षांचा होता, दोन्ही खोकी त्याला आठवतात. पहिल्याचा शिक्का याला जुळतो. दुसरा तर तोवर तयारच झाला नव्हता.

म्हणून मल्टिमीटर लावला. पहिला १२.९ ओहम दाखवतो, १६ ओहमच्या कॉइलला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) साजेसा, कारण मीटरवर आकडा लिहिलेल्यापेक्षा थोडा कमीच येतो. दुसरा ६.७. म्हणजे ८ ओहमचा. जोडी म्हणून आणलेल्या दोन स्पीकरमध्ये हा फरक कशाला असेल?

आईला सहज विचारलं. ती म्हणाली, "एकाचा आवाज मिरजेच्या कार्यक्रमात गेला होता रे. जळका वास यायला लागला म्हणून मध्येच बंद केला. रात्री बारा वाजता आले आणि न जेवता झोपले." कधी? "तुझ्या बारशाच्या आधी." माझा जन्म १९७७ च्या डिसेंबरचा. तारखा जुळतात, पण मला जुळवून घ्यायचं नाहीये, कळायला हवंय. कारण शक्यता दोन आहेत. एक, जळका स्पीकर काढून बाबांनी दुसराच आणला. दोन, चासी (धातूचा सांगाडा) १९७६ ची आणि आतली कॉइल-कोन (कोन म्हणजे समोरचा कागदी पडदा) नंतर कधीतरी इथेच घातलेली, तेव्हा जी मिळाली ती ८ ओहमची. दुसऱ्या शक्यतेत शिक्का खरा, पण आवाज सेलेशनचा राहत नाही, आणि घेणाऱ्याला ते सांगायलाच हवं.

पेटी कधीच्या आधीची नाही, हे मात्र पक्कं सापडलं, वेगळ्याच वाटेने. सुताराने फळीच्या सांध्यात 'पुढारी'चा तुकडा घालून खिळे मारलेत. वरची तारीख फाटलीय, पण एका दुकानाच्या जाहिरातीत 'कोल्हापूर ४१६ ००२' आहे. पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळे पेटी त्यानंतरचीच. तुमच्याकडे देशी पेट्या असतील तर लेबल आणि आतला कागद दोन्ही बघा. पत्त्यात 'मुंबई-१' असं जुनं आहे की सहा आकडी पिन, एवढ्यावरून बरंच कळतं.

(वर एक छोटा फिलिप्स ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांचा स्पीकरही आहे, एडी ०१६०/टी ८. टी म्हणजे ट्वीटर, ८ म्हणजे ओहम. गिटारच्या पेटीत त्याचं काम नाही, तो बाबांनी पुढे घरी रेकॉर्ड ऐकण्यासाठी बसवला असावा. त्याची चिंता नाही.)

जाणकारांना विचारायचंय:

शिक्क्यांचं माझं वाचन बरोबर आहे का? १९६८ च्या आधी दिवसाचा आकडा अक्षरांच्या आधी मारत आणि नंतर मागे, असं एका मित्राने सांगितलं. तसं असेल तर दुसऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

कंपनीची कॉइल आणि इथे घातलेली कॉइल न उघडता ओळखता येते का? दुसऱ्याच्या कोनची कड पहिल्यापेक्षा जास्त काळी आणि चकचकीत आहे, आणि तारा जिथे कोनला चिकटवल्यात तिथे पिवळट गोंदाचे थेंब ओघळलेत. पहिल्यावर तिथे स्वच्छ काळे दोन ठिपके आहेत.

आणि कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात असा कुणी कारागीर माहीत आहे का, जो चासी खरवडून रंगवणार नाही? पूर्वी एकाकडे दुसरी एक पेटी दिली होती. त्याने प्रेमाने सगळं घासून रंग मारून दिलं आणि तारखेचा शिक्का त्या रंगाखाली गेला.

शिक्के, गोंद आणि कोनच्या कडा यांचे फोटो उद्या सकाळी उन्हात काढून टाकतो. रविवारच्या आत कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.