साध्या, बिननक्षीच्या खापरांचे काय करावे?

प्रश्न:
आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात जुन्या पृष्ठसर्वेक्षणांतून (न खणता, जमिनीवर दिसणारे अवशेष पाहत केलेल्या पाहणीतून) गोळा केलेली खापरे पोत्यांत भरून ठेवलेली आहेत. काही पोत्यांवर गावाचे नाव व वर्ष आहे. काहींतील चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या आहेत. बहुतेक तुकडे साधे, जाड आणि बिननक्षीचे आहेत. आता खोली रिकामी करायची असल्याने ते टाकून द्यावेत किंवा पाहुण्यांना भेट म्हणून द्यावेत, असे सुचवले जात आहे. मला दोन्ही पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
सर्वप्रथम चिठ्ठी असलेली आणि नसलेली पोती वेगळी करावीत. कोणत्या गावच्या पांढरीच्या टेकाडावर (जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यावर) खापर मिळाले, हे ठाऊक असेल तर साधा तुकडाही पुरावा असतो. ते ठाऊक नसेल तर सुंदर तुकडाही फारसे काही सांगत नाही. उत्खननात खापरे इतकी निघतात की काठ, बुड, तोटी व रंगकाम असलेले तुकडे ठेवून भांड्याच्या अंगाचे बाकीचे साधे तुकडे मोजून, वजन करून, नोंदवून स्थळावरच सोडण्याची पद्धत आहे. इनामगाव, नेवासे, दायमाबाद येथील ताम्रपाषाण काळातील ‘जोर्वे’ प्रकारची भांडी लाल पृष्ठभागावरील काळ्या नक्षीमुळे लगेच ओळखू येतात, आणि म्हणून साध्या भांड्यांकडे दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्वयंपाक आणि साठवण बहुधा त्यांतच होत असे. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील खापरांत मुरलेले स्निग्धांश (तेल-चरबीचे अंश) तपासून त्यांत काय शिजवले जात होते, याचा शोध आता घेतला गेला आहे. म्हणून नाव असलेल्या प्रत्येक पोत्यातील काही तुकडे न धुता, प्लास्टिकऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून ठेवावेत.

उत्तर २:
भेट देण्याचा विचार सोडून द्यावा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, गतकाळातील कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापारही करता येत नाही. पाहुणा परदेशी असेल तर विमानतळावर तोच अडचणीत येईल. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी राज्य पुरातत्त्व संचालनालयाला यादीसह पत्र लिहावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग चिठ्ठी नसलेल्या पोत्यांचे काय करावे?

उत्तर १:
ती शिकवण्यासाठी वापरावीत. चाकाच्या खुणा, भाजणीतील काळा गाभा, मातीत मिसळलेली वाळू किंवा भुसा हे सारे विद्यार्थ्यांना तुकडा हातात घेऊनच कळते, आणि ताजी तुटलेली कड पाहण्यासाठी एखादा फोडला तरी नुकसान होत नाही. त्यांवर ‘स्थळ अज्ञात’ असे नक्की लिहावे. मात्र ती महाविद्यालयामागे किंवा एखाद्या शेतात ओतू नयेत, कारण पुढे सर्वेक्षण करणाऱ्याला तिथे नसलेली जुनी वस्ती दिसेल. संचालनालयाच्या संमतीने पुरायचीच वेळ आली, तर खड्ड्याच्या तळाशी वर्ष कोरलेली धातूची पट्टी ठेवावी आणि जागा नकाशावर नोंदवावी.