मदत हवी आहे: पॅरिसजवळचा व्हॅन्सेनचा किल्ला, आईला घेऊन जाता येईल का?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन पॅरिसला चाललोय आणि मला काहीही करून व्हॅन्सेनचा किल्ला बघायचाच आहे, मेट्रोच्या १ नंबर लाईनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरलं की समोरच आहे म्हणे. सगळे व्हर्सायला पळतात, पण मला ओढ आहे ती या जुन्या, खऱ्या लढाईच्या काळातल्या राजवाड्याची. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स इथेच १३३८ मध्ये जन्मला आणि इंग्रजांशी युद्ध चालू असताना त्यानेच तो जवळजवळ ५० मीटर उंच बुरूज पुरा करून घेतला, मधे एकच दगडी खांब आणि त्यावरून चारी बाजूंना गेलेल्या कमानी, फोटोत बघूनच अंगावर काटा येतो. आणि नशीब बघा, १४२२ मध्ये त्याच इंग्रजांचा राजा पाचवा हेन्री याच किल्ल्यात वारला, जेमतेम पस्तिशीचा! पुढे तुरुंग झाला तेव्हा १७४९ मध्ये फ्रेंच लेखक-विचारवंत दिदेरोलाही इथेच डांबलं होतं.

अडचण अशी की आईचे गुडघे दुखतात आणि बुरुजात गोल दगडी जिना आहे. कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? पायऱ्या किती उंच आहेत, मधे बसायला जागा मिळते का? ती वर नाही आली तर खाली चॅपलमध्ये निवांत बसू शकेल का, तिथल्या रंगीत काचा तिला नक्की आवडतील. आणि सगळं नीट बघायला अर्धा दिवस पुरतो का? प्लीज सांगा, तिकिटं काढायची आहेत.