मदत हवी आहे: ‘कीलहॉर्न’ हे जर्मन आडनाव मुळात कुठलं, आणि कितपत दुर्मीळ?

पर्णकुटी

नमस्कार मंडळी,

पुण्या-मुंबईत शिकवून गेलेल्या जर्मन संस्कृतज्ञांवर एका अंकासाठी लेख लिहितेय. लेख हातावेगळा होत आलाय, पण संपादकांना सोबत या लोकांच्या आडनावांवर एक चौकट हवी आहे. ‘वाचकांना असलं काहीतरी आवडतं’ म्हणाले. आवडतं हे खरंच, पण शोधणाऱ्याला घाम फुटतो त्याचं काय!

मार्टिन हाउग (पुणे कॉलेज, १८५९ ते १८६६) यांचं लगेच सापडलं. हूग किंवा हूगो या जुन्या नावावरून आलेलं, नैर्ऋत्य जर्मनीत पैशाला पासरी. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या गेओर्ग ब्यूलर यांचंही जमलं. ब्यूल म्हणजे टेकडी, टेकडीपाशी राहणारा तो ब्यूलर. घोडं अडलंय ते फ्रान्स कीलहॉर्न यांच्यापाशी.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म १८४०, ओस्नाब्रुक. गॉटिंगेनला बेन्फाय या तौलनिक भाषाशास्त्रज्ञांकडे शिकले, मग ऑक्सफर्डला मोनियर-विल्यम्स यांच्या कोशाच्या कामात मदतीला होते. १८६६ साली डेक्कन कॉलेजात आले आणि पंधराएक वर्षं पुण्यात राहिले. नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर हा व्याकरणग्रंथ त्यांनी संपादला, भाषांतरित केला. पतंजलीच्या महाभाष्याची, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्याची, त्यांची तीन खंडांची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८८० ते १८८५ या काळात निघाली. महाभाष्यातलं वाक्य कुठलं हे सांगायचं तर आजही जगभरचे अभ्यासक कीलहॉर्नचा खंड, पान आणि ओळ देतात. पुढे का. वा. अभ्यंकरांनी ती सुधारून भांडारकर संस्थेतर्फे पुन्हा काढली. म्हणजे माणूस गेला १९०८ साली, पण आडनाव रोज कुणाच्या ना कुणाच्या तळटीपेत असतंच.

आता प्रश्न. आडनावाचा अर्थ काय? कील या बंदराच्या शहराशी त्याचा संबंध आहे का? सध्या जर्मनीत या आडनावाचे लोक साधारण किती आणि कुठे, हे घरबसल्या कसं कळेल? आणि ब्राउनश्वाइगला एक हाइनरिश कीलहॉर्न होऊन गेले. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी १८८१ साली तिथे वेगळी शाळा निघाली, त्या कामातलं हे मोठं नाव. हे आणि आपले कीलहॉर्न एकाच घराण्यातले का? वय जवळपास सारखं, मुलूखही फार लांब नाही, म्हणून विचारतेय.

जर्मन कामापुरतं वाचता येतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गप्पिष्ट

यात अवघड काय आहे? कील म्हणजे खुंटी, पाचर. हा तर आपला संस्कृत शब्द. हॉर्न म्हणजे शिंग. खुंटीला अडकवलेलं शिंग! असलं आडनाव घेऊन जन्माला आलेला माणूस पाणिनीच्याच वाटेला जायचा. लिहून टाका चौकटीत.

हानोफरची माई

गप्पिष्टभाऊ, हसले खूप, पण पर्णकुटीताई, असलं काही छापू नका हो. :)

मी गेली बरीच वर्षं नीडरझाक्सनमध्ये राहते, ओस्नाब्रुकही याच राज्यात येतं. इथल्या आडनावांचा नाद मला दाराच्या बेलमुळे लागला. इमारतीच्या दाराशी पितळी पट्टी असते आणि प्रत्येक बटणाशेजारी फक्त आडनाव. आमच्या पट्टीवर टिमरमान, पीपर, विट्टे, मग दोन तुर्की नावं, मग आमचं, ते बिचारं त्या चौकोनात मावतच नाही. एकदा जर्मनच्या बाई म्हणाल्या, ही वरची तीन नावं दक्षिणेत असती तर त्सिमरमान, फायफर आणि वाइस झाली असती. सुतार, बासरीवाला आणि गोरा, माणसं तीच. उत्तरेतल्या सखल भागातल्या बोलीत जुने उच्चार टिकले, दक्षिणेकडे बदलले. पुस्तकी जर्मन बरीचशी त्या दक्षिण आणि मध्य भागाच्या बोलींवर उभी राहिली. म्हणून उत्तरेतलं आडनाव आजच्या शब्दकोशात शोधलं की फसायला होतं.

आता तुमचं आडनाव. उत्तरेच्या जुन्या बोलीत ‘कील’ म्हणजे पाचर. पुस्तकी जर्मनमध्ये तिलाच ‘काइल’ म्हणतात. लांब ‘ई’चा ‘आइ’ होणं हा ठरलेला बदल आहे, ‘टीड’चं (वेळ) ‘त्साइट’ झालं तसा. म्हणजे गप्पिष्टभाऊंचा नेम अर्धा लागलाय, फक्त वाट चुकली. ‘होर्न’ मात्र इथे जनावराचं शिंग नाही. जमिनीचा पुढे आलेला कोपरा, पाण्यात किंवा दलदलीत घुसलेलं टोक, त्याला या भागात होर्न म्हणतात. गिफहोर्न, एल्म्सहोर्न, आल्होर्न ही गावं नकाशात बघा. तेव्हा माझा अंदाज असा की कीलहोर्न हे आधी पाचरीसारख्या निमुळत्या कोपऱ्याचं, शेताचं किंवा वस्तीचं नाव असावं आणि तिथे राहणाऱ्यांना ते चिकटलं असावं. हा अंदाज आहे, छापताना ‘बहुधा’ घाला.

कील शहराचा संबंध मला पटत नाही. शहरावरून आडनाव पडलं तर बहुतेकदा शेवटी ‘-अर’ लागतो, आपल्या ‘-कर’सारखा: फ्रांकफुर्टर, वीनर. तसं असतं तर कीलर झालं असतं.

अष्टाध्यायी

माईंना +१.

गप्पिष्ट यांच्या ‘कील’बद्दल एक गंमत. संस्कृत ‘कील’ आणि जर्मन ‘कील’ दिसायला जुळे भाऊ, पण नातं नाही. मूळ एकच असतं तर ग्रिमच्या नियमाप्रमाणे (जर्मानिक भाषांत व्यंजनं कशी बदलली ते सांगणारा नियम) आपल्या ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘ह’ यायला हवा होता. ‘कः’ म्हणजे कोण, त्याला गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘ह्वास’. उलट दुसरा तुकडा, जो आपल्याला परका वाटतो, तो खरा सोयरा. ‘होर्न’ आणि ‘शृङ्ग’ एकाच मुळातले. आपला ‘श’ आणि त्यांचा ‘ह’, शत आणि हुंडर्ट, श्वन् आणि हुंड. म्हणजे कीलहॉर्नमधलं जे संस्कृत दिसतं ते संस्कृतशी जोडलेलं नाही, आणि जे दिसत नाही ते आहे. स्वतः कीलहॉर्नसाहेबांना हे पुरेपूर ठाऊक असणार, बेन्फायचे शिष्य ते.

गप्पिष्ट

घ्या! चौकटीचा मजकूर मीच दिला शेवटी.

पर्णकुटी

माई, अष्टाध्यायी, खूप खूप आभार. ‘शृङ्ग’ नक्की घेतेय, गप्पिष्टांच्या नावाशिवाय. :)

संख्या आणि प्रसाराचं कुणी सांगेल का? आणि ओस्नाब्रुकचा जन्म म्हणजे आडनावही तिथलंच, असं धरायला हरकत नाही ना?

सासुरवाडी श्लेसियन

हरकत आहे. तुमचे ब्यूलरच घ्या की. त्यांचा जन्म हानोफर राज्यातल्या बोर्स्टेलचा, आणि आडनाव पक्कं दक्षिणेकडचं. शिक्षक, पाद्री, सरकारी नोकर यांची घरं बदलीपायी फिरत असत. जन्मगावावरून माणूस कळतो, आडनावाचा मुलूख कळत नाही. तो कळायला त्या आडनावाची सगळी माणसं नकाशावर टाकून गर्दी कुठे होते ते बघावं लागतं.

बायकोच्या माहेरच्यांचा शोध घेताना मी हे सगळं करून चुकलोय, तेव्हा सांगतो. पहिला आधार दूरध्वनी यादीचा. जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशाग्रंथ आहे, सात खंडांचा, फ्रायबुर्ग आणि माइन्त्सच्या लोकांनी केलेला, तो २००५ सालच्या घरगुती फोनजोडण्यांवर उभा आहे. सुमारे २ कोटी ८० लाख जोडण्या. त्यातून साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं निघाली, आणि त्यातली निम्मी तर एकेकदाच आलेली. म्हणजे म्युलर, श्मिट हे डोळ्यांत भरतात खरे, पण दुर्मीळ आडनाव ही जर्मनीत अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. माइन्त्सच्या अकादमीचा आडनाव-कोशही महाजालावर फुकट आहे. त्यात नोंद असेल तर जोडण्यांची संख्या आणि नकाशा दोन्ही मिळतात. जोडणी घरटी एक धरून अडीच-तीनपट करायची, की माणसांचा ढोबळ अंदाज येतो. २००५ नंतरच्या याद्यांच्या नादी लागू नका. लोकांनी घरचे फोन काढून टाकले, आकडे सगळे पडले.

पण या नकाशात एक मोठी खोट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडचे १ कोटी २० लाखांच्या आसपास जर्मन घरदार सोडून पश्चिमेकडे आले. माझ्या सासऱ्यांचं आडनाव नकाशावर थेट ऱ्हाइनच्या काठी दिसतं, आणि सात पिढ्या श्लेसियात, म्हणजे पूर्वेकडे, गेलेल्या! म्हणून मी पहिल्या महायुद्धाच्या हानीच्या याद्या जास्त मानतो. मेलेले, जखमी, बेपत्ता, कैद झालेले, यांच्या सरकारने छापलेल्या याद्या, सुमारे ३१ हजार पानं. वंशावळीचा छंद असलेल्या जर्मन मंडळींनी त्या हौसेनं टंकून शोधता येतील अशा केल्यात. आडनाव टाकलं की सैनिकाचं नाव आणि बहुतेक ठिकाणी त्याचं गाव येतं. ती गावं कागदावर उतरवून काढा. एका जिल्ह्यात झुंबड दिसली तर आडनावाचं मूळ शोधायला तीच जागा. तिथल्या जुन्या मोजणी-नकाशात ‘कीलहोर्न’ नावाचा मळा सापडला तर माईंच्या अंदाजातला ‘बहुधा’ काढून टाकता येईल.

शोधताना स्पेलिंग सैल ठेवा. १८७६ च्या आधी आडनावाचं लेखन पाद्रीबुवांच्या कानावर होतं. ‘ई’ लांब करायला कुणी ‘ए’ लावी, कुणी ‘ह’, कुणी दोन्ही. मात्र क्यूलहोर्न असंही एक आडनाव आहे, ते यात मिसळू नका.

दोन्ही कीलहॉर्न भाऊबंद का, हे मात्र आडनावावरून ठरणार नाही. दुर्मीळ असलं तरीही नाही. त्याचं खास कारण तुमच्या ओस्नाब्रुकच्या आसपासच आहे. तिथे, वेस्टफालियात आणि लिप्पेत आडनाव माणसाचं कमी आणि शेतीवाडीचं जास्त. वाडीची वारस मुलगी असेल तर घरजावई तिथे नांदायला येई आणि वाडीचं नाव घेई. पुढची पोरं त्याच नावाची. जुन्या नोंदीत ‘अमुक गेनान्ट तमुक’ असं दिसलं, म्हणजे ‘अमुक, ज्याला तमुक म्हणतात’, तर ओळखायचं की बुवा जावई म्हणून आलेत. बापाचं एक आडनाव, मुलाचं दुसरं, आणि सख्ख्या भावाभावांची वेगळी, हे तिथे नवलाचं नाही. उलट एकाच नावाच्या दोन घरांत रक्ताचं नातं नसणं हेही तितकंच साधं. त्या एका वर्षी मला वेड लागायचं बाकी होतं.

नदीकाठचा

अवांतर: पुण्यात कीलहॉर्न यांच्यानंतर डेक्कन कॉलेजात ती जागा रा. गो. भांडारकरांना मिळाली, १८८२ साली. आणि १८८५ साली भांडारकरांना गॉटिंगेनने सन्मान्य डॉक्टरेट दिली, तेव्हा कीलहॉर्न तिथेच प्राध्यापक होते. चौकटीत नाही तर लेखात तरी येऊ द्या. अवांतर समाप्त.

पर्णकुटी

लेखात आहे ते, नदीकाठचा. :)

श्लेसियन, तुम्ही तर अख्खा धडाच दिलात. म्हणजे भाऊबंदकीचा प्रश्न सुटायचा तर दोघांच्याही बाप-आजोबांच्या चर्चनोंदी काढायला हव्यात. १८४० च्या ओस्नाब्रुकसाठी नेमकं कुणाचं दार ठोठावू?

सासुरवाडी श्लेसियन

सरकारी जन्मनोंद मिळायची नाही. प्रशियात ती १८७४ च्या ऑक्टोबरपासून, सगळ्या जर्मनीत १८७६ पासून. ओस्नाब्रुक १८४० साली हानोफरच्या राज्यात होतं. प्रशियानं ते गिळलं १८६६ साली, म्हणजे तुमचे प्राध्यापक पुण्याला पोचले त्याच वर्षी. नेपोलियनच्या अमलात तिथे काही वर्षं फ्रेंच पद्धतीची नोंदणी झाली होती. आजोबा-पणजोबांसाठी ती सोन्यासारखी, पण १८४० साठी चर्चच.

आणि चर्च एक नाही. १६४८ च्या तहानंतर ओस्नाब्रुकला बिशप आळीपाळीनं, एकदा कॅथलिक, एकदा प्रॉटेस्टंट, असा अजब करार दीडशे वर्षं चालला. शहर दोन्ही पंथांचं. म्हणून पंथ कळेपर्यंत दोन्हीकडे बघा. प्रॉटेस्टंट नोंदवह्या बऱ्याचशा आर्किऑन या संकेतस्थळावर आहेत, पैसे पडतात, पण महिन्याचा पास मिळतो. कॅथलिक वह्या मात्रिकुला या संकेतस्थळावर फुकट. तिथे अडलात तर ओस्नाब्रुकच्या राज्य अभिलेखागाराला साधं चार ओळींचं पत्र टाका: पूर्ण नाव, जन्मसाल, गाव आणि एकच प्रश्न. पाच प्रश्न विचारलेत तर शुल्काचा तक्ता येईल, उत्तर नाही.

हानोफरची माई

आणि ताई, बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की साक्षीदारांची नावं सोडू नका. ते बहुतेक काका-मामा-आत्या असतात, कधी त्यांचं गावही लिहिलेलं असतं. त्यातला एखादा ब्राउनश्वाइगकडचा निघाला तर धागा हाती लागेल.

पर्णकुटी

ठरलं. चौकटीत माईंचा अर्थ ‘बहुधा’सकट आणि अष्टाध्यायींचं शृङ्ग. हाइनरिश यांच्याशी नातं जोडत नाही. हानीच्या याद्यांतली गावं या आठवड्यात काढते आणि इथे टाकते.

शेवटचं एक: त्या काळची जर्मन हस्तलिपी मला अजिबात लागत नाही. इथे कुणी वाचून देईल का?

सासुरवाडी श्लेसियन

मी देईन. फक्त तेवढी एक ओळ कापून पाठवू नका, पूर्ण पानाचा फोटो टाका. शेजारच्या नोंदींतली योहान, मारिया ही ओळखीची नावं दिसली की लिहिणाऱ्याचं अक्षर लावता येतं. एकट्या ओळीत त्यांचा ‘ए’ आणि ‘एन’ सारखाच दिसतो.