मदत हवी आहे: व्हिममध्ये न्यूमपॅडवरील अंकांऐवजी नवी ओळ आणि अक्षरे उमटतात

नमस्कार. मी एसएसएचद्वारे (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करून) एका सर्व्हरवर व्हिम हा मजकूर-संपादक वापरतो. तेथे इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करण्याच्या स्थितीत) न्यूमपॅडवरील, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या भागातील, ५ दाबला की अंक येत नाही. चालू ओळीच्या वर नवी रिकामी ओळ उघडते आणि तिच्यात यू हे अक्षर उमटते. ७ दाबल्यास डब्ल्यू उमटते. बाणांच्या कळा मात्र नीट चालतात. आकडेवारीच्या फाइल मी न्यूमपॅडवरूनच भरत असल्यामुळे काम अडले आहे.

कारण मला समजले आहे असे वाटते. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही दाबून ५ दाबल्यावर एस्केप, कॅपिटल ओ, स्मॉल यू असा क्रम दिसतो, म्हणजे कीपॅड अंकांऐवजी विशेष क्रम पाठवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन मोडमध्ये आहे. आणि व्हिमला हा क्रम एक कळ म्हणून ओळखता येत नसल्याने तो एस्केपला इन्सर्ट मोडमधून बाहेर पडतो, ओ या अक्षराला वर ओळ उघडतो आणि यू तिथे लिहितो. सर्व्हरवर टर्मचे (टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या चलाचे) मूल्य व्हीटी१०० आहे. इन्फोकंप या आज्ञेने पाहिले असता टर्मइन्फोमधील (टर्मिनलांच्या क्षमतांच्या माहितीसंचातील) एसएमकेएक्स या एकाच नोंदीत बाणांचा आणि कीपॅडचा, असे दोन्ही अ‍ॅप्लिकेशन मोड सुरू करणारे क्रम आहेत.

प्रथम मी व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) दहाही अंकांसाठी मॅपिंग लिहिले, म्हणजे कोणत्या क्रमाला कोणता अंक उमटवायचा ते सांगितले. अंक येऊ लागले, पण आता एस्केप दाबल्यावर व्हिम पुढच्या अक्षराची वाट पाहत जवळजवळ एक सेकंद थांबतो. टाइमआउटलेन, म्हणजे व्हिमने क्रम पूर्ण होण्याची वाट पाहण्याचा काळ, १००० वरून १०० मिलिसेकंदांवर आणल्यावर हा विलंब गेला. मात्र नेटवर्क मंद असताना क्रम मध्येच तुटून पुन्हा तीच अक्षरे उमटतात, शिवाय माझी इतर मॅपिंग हात जरा सावकाश चालला की लागूच होत नाहीत. हा मार्ग मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी व्हिमआरसीत टी-अंडरस्कोर-केएस या पर्यायात (व्हिममध्ये एसएमकेएक्सच्या जागी असलेल्या) फक्त बाणांचा क्रम ठेवून एस्केप आणि बरोबरचे चिन्ह हा कीपॅडचा भाग वगळावा, असा विचार आहे. त्यामुळे बाण आतासारखेच चालतील आणि न्यूमपॅड साधे अंक पाठवील, अशी अपेक्षा आहे. हे कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? की टर्मइन्फोची स्वतःची नोंद टिक या आज्ञेने होम डिरेक्टरीत तयार करणे अधिक बरे, जेणेकरून एसएमकेएक्स वापरणाऱ्या इतर प्रोग्रामनाही ती लागू होईल? टर्मिनलच्या सेटिंगमध्ये कीपॅडचा अ‍ॅप्लिकेशन मोड बंद करता येतो, पण मी दोन-तीन संगणकांवरून लॉगिन करत असल्याने उपाय सर्व्हरवरच राहिलेला मला हवा आहे.