टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकायचंय पण प्रोब (छातीवर टेकवायचा मशीनचा भाग) हातात मिळत नाही, कार्डिऑलॉजी टेक्निशियनने पुढे काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) कार्डिऑलॉजी टेक्निशियनची विद्यार्थिनी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा कोर्स, तीन वर्षं झाली आणि आता इंटर्नशिपचं वर्ष चालू आहे. मूळची लातूर जिल्ह्यातली, सध्या दुसऱ्या शहरात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहे, नाव लिहीत नाही कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि प्रश्न फक्त तिथलाच नाहीये.

ईसीजी, टीएमटी (पट्ट्यावर चालवून घ्यायचा ईसीजी), होल्टर (दिवसभर अंगावर ठेवायचा ईसीजी) हे सगळं मी आता व्यवस्थित करते. हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या की ईसीजीतली लीड वन नावाची रेघ उलटी येते आणि एव्हीआर नावाची सरळ दिसायला लागते, ते पेपर बाहेर येता येता कळतं. रेघेचा एसटी हा भाग वर गेलेला दिसला (अटॅकची खूण असू शकते) तर रांग थांबवून आधी तो पेपर मेडिकल ऑफिसरकडे नेते. टीएमटीला पेशंटचं बीपी चढण्याऐवजी उतरायला लागलं की डॉक्टरांना लगेच सांगायचं हेही अंगवळणी पडलंय. म्हणजे हृदयाच्या तपासणीची ही बाजू मला जमते असं म्हणू शकते.

पण इकोच्या रूममध्ये माझं काम म्हणजे पेशंटचं नाव, वय, उंची, वजन मशीनमध्ये भरायचं, तीन इलेक्ट्रोड चिकटवायचे, डाव्या कुशीवर वळवायचं, जेलची बाटली पुढे करायची आणि डॉक्टर सांगतील ते आकडे टाइप करायचे. बास. सिलॅबसमध्ये इको आहे, परीक्षेत पीलॅक्स व्ह्यूमध्ये (स्टर्नमशेजारून दिसणारा हृदयाचा उभा छेद) काय काय दिसतं, सिम्पसन पद्धतीने ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) कसा काढतात असे प्रश्न येतात आणि मी ते लिहून मार्क घेतलेत. पण बरगड्यांच्या फटीत प्रोब नेमका कुठे टेकवायचा, किती दाबायचा, चित्र दिसेनासं झालं की सरकवायचा का फिरवायचा का नुसता झुकवायचा, हे पुस्तकातून कसं येणार? तीन वर्षं शिकून हे हातात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे एवढं का लागून राहिलंय तेही सांगते. लहानपणी ताप आणि सांधेदुखी होऊन नंतर मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झालेल्या बायका आमच्या भागातून अजून येतात, कितीजणींना तर ते गरोदरपणात दम लागल्यावर पहिल्यांदा कळतं. इकोसाठी लांबच्या शहरात यायचं, गाडीभाडं, मजुरी बुडवायची, बरोबर कोणीतरी माणूस पाहिजे. शिवाय इको म्हणजे छाती उघडी करून झोपायचं, पुष्कळ बायका संकोचाने अंग आखडून घेतात आणि मग चित्रही नीट येत नाही. तिथे नीट शिकलेली बाई टेक्निशियन असेल तर फरक पडतो हे मी रोज बघतेय.

तर मला विचारायचंय असं की, टेक्निशियनने इको काढणं आपल्याकडे कायद्यात बसतं का, कारण एक जण म्हणतं पीसीपीएनडीटीमुळे (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) मशीनला हातच लावायचा नाही आणि दुसरीकडे मोठ्या हॉस्पिटलांत टेक्नॉलॉजिस्ट इको काढतात असंही ऐकते. पुढे विद्यापीठाचा पीजी कोर्स करायचा तर त्यात खरंच हाताने शिकवतात का हे ॲडमिशनच्या आधी कसं ओळखायचं? एका खाजगी क्लासवाल्यांनी पंधरा दिवसांत इको सर्टिफिकेट असं सांगितलंय, फी बरीच आहे, घ्यावं का? आणि परदेशात, विशेष करून इंग्लंडात हे काम टेक्निशियनच करतात म्हणे, तिथे जायचं तर आतापासून काय तयारी करावी? वडील शेती करतात, धाकटा भाऊ शिकतोय, त्यामुळे पैसे घालायचे ते एकदाच आणि बरोबर जागी घालायचेत. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

इकोवाला_कोल्हापूर

ताई, मी बरीच वर्षं कार्डिऑलॉजी विभागात टेक्निशियन आहे, आमच्याकडे डॉक्टरांच्या समोर आम्ही चित्रं घेतो, मग ते स्वतः प्रोब घेऊन शंका असेल तिथे परत बघतात आणि रिपोर्टवर सही त्यांची. शिकायची खरी जागा ती "परत बघतात" हीच आहे. तुम्ही काढलेलं आणि त्यांनी काढलेलं चित्र एकाच पेशंटचं, पाच मिनिटांच्या फरकाने, शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळालं तर हात लवकर सुधारतो. नुसतं मागे उभं राहून बघण्यात वर्षं जातात.

पंधरा दिवसांच्या कोर्सचं माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. त्यात एका मशीनवर दहाबारा जण असतात.

सुरुवात पीलॅक्सपासून करा. स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला तिसरी किंवा चौथी फट, मार्कर (प्रोबवरची खूण) पेशंटच्या उजव्या खांद्याकडे. तिथून घड्याळाच्या दिशेने नव्वद अंश फिरवला की शॉर्ट ॲक्सिस, म्हणजे आडवा छेद. हे दोन हातात बसेपर्यंत डॉपलरच्या (रक्ताचा वेग मोजण्याच्या) मागे लागू नका. ॲपिकल फोर चेंबरला (हृदयाच्या टोकाकडून चारही कप्पे दिसणारा व्ह्यू) सगळ्यांचं होतं ते असं की प्रोब एक फट वर राहतो, मग व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) आखूड आणि टोकाला गोल दिसतं, टोक छान हलतंय असं वाटतं, ईएफ चुकीचा येतो, आणि अटॅकनंतर खऱ्या टोकात बसलेली गुठळी राहून जाते. एक फट खाली आणि थोडं बाहेर जाऊन बघायची सवय लावून घ्या.

आणि मोजमाप. एलव्हीओटीचा (डाव्या व्हेंट्रिकलमधून रक्त बाहेर पडायच्या वाटेचा) व्यास घेताना मिलिमीटरभराकडे कोणी लक्ष देत नाही पण त्या आकड्याचा पुढे वर्ग होतो. २.० सेमी धरला तर क्षेत्रफळ ३.१४ येतं, १.८ धरला तर २.५४. समजा एलव्हीओटीचा व्हीटीआय (डॉपलरवर एका ठोक्यात रक्त किती अंतर पुढे जातं तो आकडा) २० आणि ॲओर्टिक व्हॉल्व्हचा ६० आहे, तर पहिल्या हिशेबाने व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ १.०५ चौरस सेमी आणि दुसऱ्याने ०.८५. माणूस तोच, पण व्हॉल्व्ह किती अरुंद ते एक रिपोर्ट मध्यम म्हणणार आणि दुसरा गंभीर, आणि गंभीर म्हटलं की ऑपरेशनची चर्चा सुरू. त्यामुळे झूम करून, व्हॉल्व्ह उघडा असताना, दोनतीन ठोक्यांत मोजा.

डॉ_मिरजकर

मी कार्डिऑलॉजिस्ट आहे, कायद्याचं थोडं सांगतो. इको मशीनला दुसरा प्रोब लावला की त्यावर गर्भ दिसू शकतो, म्हणून हृदयासाठी घेतलेलं मशीनही १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवावं लागतं. नोंदणीत जागा, मशीन आणि ते वापरणारे डॉक्टर हे सगळं येतं. महाराष्ट्रात याची तपासणी कडक असते आणि ती असायलाच हवी. त्यामुळे बरीच हॉस्पिटलं टेक्निशियनला प्रोब देत नाहीत, काही ठिकाणी नोंदणी असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. तुम्ही विभागप्रमुखांना लेखी विनंती करा की इंटर्नशिपचा भाग म्हणून, डॉक्टर खोलीत असताना, त्यांच्या आधी किंवा नंतर मला ठराविक व्ह्यू घेऊ द्या. एकटीने मशीन चालू करायचं नाही, मैत्रिणींवर प्रॅक्टिस करायची नाही आणि रिपोर्टवर सही करायची नाही. या तीन गोष्टी सांभाळल्यात तर कोणी समजूतदार प्रमुख नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

एक मात्र ठामपणे लिहितो. इको हे फक्त डॉक्टरांचंच काम हा समज इतिहासाला धरून नाही. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाचा पहिला अल्ट्रासाउंड घेतला, आणि अमेरिकेत इंडियानात फायगेनबॉम यांनी १९६० च्या दशकातच डॉक्टर नसलेल्या माणसाला शिकवून इको काढण्याचं काम दिलं. तिथून कार्डियाक सोनोग्राफर हा पेशाच उभा राहिला. आपल्याकडे आम्ही डॉक्टरांनी शिकवायला वेळ दिला पाहिजे, तो देत नाही, हे आमचं उणं आहे.

लीड्सकर

मी मूळची पुण्याची, इथे इंग्लंडात कार्डियाक फिजिऑलॉजिस्ट आहे. हो, इथे इको बहुतेक आम्हीच काढतो आणि रिपोर्टही आम्हीच लिहितो, म्हणून जबाबदारी मोठी आहे आणि ट्रेनिंगही तसंच आहे. नवीन मुलं कार्डियाक फिजिऑलॉजीची डिग्री करून येतात, इको त्यानंतर नोकरी करत करत शिकतात, बरोबर विद्यापीठाचं पीजी सर्टिफिकेट आणि ब्रिटिश सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीचं ॲक्रेडिटेशन. त्यात लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा आणि २४ महिन्यांत गोळा केलेली २५० केसेसची लॉगबुक. नुसते २५० नॉर्मल चालत नाहीत, व्हॉल्व्हचे आजार, हार्ट फेल्युअर असं सगळं त्यात यावं लागतं. एका पेशंटला साधारण पाऊण तास मिळतो, तो वेळ भारतातल्या ओपीडीत कुठून आणणार हे मला माहितीये.

पण एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी इथल्या मुलांकडे नाही. ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे तू लिहिलंस तो अरुंद झालेला मायट्रल व्हॉल्व्ह, इथे नवीन मुलांना क्वचित बघायला मिळतो, तू रोज बघतेस. व्हॉल्व्हचा पुढचा पडदा वाकून उघडतो तो आकार, शॉर्ट ॲक्सिसला उघडलेलं तोंड आखून मोजणं, खालची जोडणी किती जाड झालीय, हे आता नीट बघून ठेव. इकडे येण्याची घाई करू नकोस, इको स्वतंत्रपणे येत नसताना आलीस तर ईसीजीच्याच कामावर अडकायला होतं.

नागपुरी_वाचक

पीजीबद्दल लिहितो, माझी मुलगी याच शोधात होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत कार्डियाक लॅबोरेटरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे, तिथे जागा कमी असतात पण संस्था मोठी आहे, काम खूप असतं. बाकी कुठेही जायचं असेल तर प्रॉस्पेक्टसवर जाऊ नका, तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की आठवड्यात तू स्वतः किती इको काढतोस आणि तुझं चित्र कोण तपासतं. उत्तर देताना तो अडखळला की समजून घ्या. दुसरं, २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांची डिग्री अशी व्याख्या आहे, तेव्हा तुमच्या मार्कशीटबरोबर तासांचा हिशेब असलेला ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजकडून आत्ताच मागून ठेवा, नंतर फार हेलपाटे होतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मोकळेपणाने कोणी सांगितलं नव्हतं. क्लासवाल्यांना नकार कळवला. डॉक्टर सर, तुम्ही सांगितलं तसं विभागप्रमुखांना पत्र लिहिलंय, उद्या देते. त्यात पीलॅक्स आणि शॉर्ट ॲक्सिस एवढंच मागितलंय, सगळंच मागितलं तर नाही म्हणतील अशी भीती वाटते, बरोबर आहे ना? आणि दादा, डॉपलरला तुम्ही थांब म्हणालात पण टाइप करताना मला दिसतं की एकाच पेशंटचा ॲओर्टिक ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) दोन वेळा वेगळा येतो, ते का होतं तेवढं सांगाल का? लीड्सकर ताई, इथे मी लॉगबुक ठेवली तर तिकडे ती धरतात का?

लीड्सकर

ॲक्रेडिटेशनसाठी धरत नाहीत, ती त्यांच्या नियमाने त्या मुदतीतच करावी लागते. पण इंटरव्ह्यूला दाखवता येते, आणि मी पॅनलवर असते तर नक्की उघडून बघितली असती.

डॉ_मिरजकर

बरोबर केलंत. दोन व्ह्यूच मागा. दिले की तेच चांगले करून दाखवा, बाकीचे आपोआप मिळतील. आणि तुम्ही बायकांच्या संकोचाबद्दल लिहिलंत ते पत्रात अवश्य लिहा, प्रमुखांना ते पटेल.

इकोवाला_कोल्हापूर

ग्रेडियंट वेगळा येतो कारण डॉपलरची रेघ रक्ताच्या धारेशी सरळ रेषेत नसते. तीस अंशांचा कोन पडला तर वेग तेरा टक्के कमी दिसतो, आणि ग्रेडियंट म्हणजे चार गुणिले वेगाचा वर्ग, म्हणून तिथे चूक वाढते. खरा वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर ग्रेडियंट ६४ यायला पाहिजे, कोनामुळे ३.४६ मिळाला तर ४८ वरच थांबतो. म्हणून फक्त ॲपिकलमधून घेऊन सोडायचं नाही, पेन्सिल प्रोब (फक्त डॉपलरचा बारीक प्रोब) असेल तर पेशंटला उजव्या कुशीवर वळवून स्टर्नमच्या उजवीकडूनही घ्यायचं, आणि सगळ्यांत जास्त येईल तो वेग धरायचा. शिवाय बीपी किंवा ठोका बदलला तरी आकडा बदलतो, त्यामुळे इकोच्या वेळचं बीपी रिपोर्टमध्ये टाइप करायला तुम्हीच सुरुवात करा, ते तर आजपासून तुमच्या हातात आहे.

लॉगबुकमध्ये पेशंटचं नाव लिहू नका. वय, बाई की पुरुष, कुठले व्ह्यू तुम्ही घेतले, काय नीट दिसलं नाही, आणि डॉक्टरांनी तपासून काय बदललं, एवढं लिहा. खाली त्यांची सही घ्या.