मळणीच्या धुळीत स्विफ्ट डिझेलला कापसाचा फिल्टर टाकावा का?

खतवाला (अंबाजोगाई)

माझी स्विफ्ट डिझेल 2014 ची, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेत. खत-बियाण्याचा धंदा, त्यामुळं घाटनांदूर, बर्दापूर अशी रोजची फिरती. सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्यावर भुश्शाचे ढग, अन् कच्च्या वाटेला लागलं की काळ्या मातीचा फुफाटा. कागदी एअर फिल्टर 320 रुपयाला पडतो, तो मी दहा हजाराला बदलतो. मधी पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतो.

लातूरचा एक दुकानदार म्हणायलाय, तेल लावलेला कापसाचा फिल्टर टाका. 5,400 रुपये. धुऊन जन्मभर वापरा, पिकअप वाढंल, ॲव्हरेज वाढंल. मारुतीनं 2020 ला डिझेल गाड्याच बंद केल्या, म्हणून हीच गाडी जपायची आहे. वडील तर म्हणतात, ट्रॅक्टरला तेलाचाच फिल्टर आहे, वीस वर्षं इंजिन उघडलं नाही, टाक बिनघोर. काय करू?

सुसाट_संभाजीनगर

टाका की! मी पेट्रोल गाडीला टाकून दोन वर्षं झाली. आवाज लई भारी येतो. ॲव्हरेजचं खरं सांगू का, तो आवाज ऐकायसाठी पाय जास्त दाबला जातो, त्यामुळं एक किलोमीटरनं कमीच झालं.

डिझेलमामा (उदगीर)

भाऊ, पाच हजार खिशातच राहू द्या. माझं गॅरेज 22 वर्षांचं आहे, हे फिल्टर मी बसवूनही दिलेत आणि काढूनही.

पिकअपचं आधी बोलू. तुमच्या 1248 सीसी इंजिनाची 75 पीएस ताकद ठरते ती ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, किती डिझेल सोडतो त्यावर. डिझेल इंजिनात हवा तशीही गरजेपेक्षा जास्तच असते. फिल्टर मोकळा केला म्हणून ईसीयू काही हात सैल सोडत नाही. ॲव्हरेजचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2009 मध्ये फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्या तपासल्या होत्या. इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही, पळायला तेवढ्या मंद झाल्या. चोंदलेल्या फिल्टरनं जिथं ॲव्हरेज पडत नाही, तिथं मोकळ्यानं वाढणार कुठून?

आता धूळ. कागदी फिल्टर नवा असताना गाळतो त्यापेक्षा जरा मळल्यावर चांगला गाळतो. गाळणीत पत्ती साचली की पुढचा चहा नितळ उतरतो, तसं. म्हणून ते हवा मारणं आधी बंद करा. कंप्रेसरच्या दाबानं कागद बारीक फाटतो आणि ते डोळ्याला दिसत नाही.

कापसाच्या फिल्टरमध्ये धूळ धरून ठेवायचं मोठं काम तेल करतं. तेल धुळीनं माखलं की फिल्टर धुवायचा, रात्रभर वाळवायचा, मग बेतानं तेल लावायचं. तेल जास्त झालं तर ते ओढलं जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि रीडिंग चुकतं. कमी झालं तर माती सरळ टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात, तिथून पिस्टनच्या रिंगांत. असाच फिल्टर टाकलेली एक गाडी माझ्याकडं आली होती. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट घातलं, तर पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं बाहेर आलं. मालकानं दोन वर्षांत फिल्टर एकदाही धुतला नव्हता. जन्मभराचा आहे म्हणाला!

वडिलांचं खोटं नाही. पण मळणीच्या दिवसांत ते ट्रॅक्टरच्या फिल्टरखालची तेलाची वाटी रोज उघडून बघतात की नाही, विचारा त्यांना. खाली गाळ बसला की तेल बदलतात. तुम्ही गाडीचा फिल्टर रोज काढणार का? 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा एक गिऱ्हाईक माझ्याकडं फिल्टर धुऊन मागत होतं. मी नुसतं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

320 चाच टाका, मळणीत पाच हजारालाच बदला. आणि तुमचा पाइप एकदा उघडून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काय येतं ते इथं कळवा.

खतवाला (अंबाजोगाई)

मामा, आज पाइप काढला. फडकं तांबूस-काळं झालं, हाताला खरखर लागतंय. फिल्टर तर बरा दिसायलाय. पण डब्याची एक क्लिप तुटलेली सापडली, त्या बाजूला झाकण नखभर उचललेलं. हवा मारताना पंक्चरवाल्यानंच तोडली असंल, मी काय दरवेळी खाली उतरून बघत नव्हतो. वडिलांना वाटीचं विचारलं तर म्हणाले, रोज नाही, दिवसातून दोनदा बघतो.

डिझेलमामा (उदगीर)

मग फिल्टरचा वाद बाजूला ठेवा. त्या फटीतून माती न गाळता आत जायलीय. आधी क्लिप बसवा, ती मिळाली नाही तर डबाच बदला. पाइप आणि डबा आतून ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा, मगच नवा कागद टाका. इंजिन थंड असताना टर्बोचा पंखा बोटानं हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर सरकत असंल किंवा पाती कडेला घासत असतील, तर गाडी जास्त न पळवता उदगीरला आणा. येताना तो तुटका डबाही आणा, क्लिपचं माप त्यावरूनच घेता येईल.